चित्रफितींचा प्रसार आणि प्राथमिक शिक्षकाचे कार्य

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वांस परिचित आहे. वरच्या अंगास येलदरी येथे अडविलेले पाणी वीजगृहातून खाली सोडले जाते, ते सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि तेथून कालव्यांच्या वाटे शेतांस मिळते. कालव्यापासून वितरिका, वितरिकेपासून चारी आणि चारीपासून शेत अशी या पाण्याची वाट ठरलेली आहे. वाटेत ठिकठिकाणी दारे आहेत आणि दार केव्हा उघडावयाचे व केव्हा लावावयाचे हे पाहणारा माणूस आहे. पाणी हे जीवन होय; तथापि दारावर कोणीच नसेल तर तेच पाणी उभे पीक वाहून नेते, हे या भागातील शेतकऱ्यास सांगावयास नको.

आज या गावांत आणखी एक प्रवाह घरोघर पोहोचला आहे. तो म्हणजे मोबाईलवर येणाऱ्या लहान लहान चित्रफितींचा. लोक त्यांस व्हिडिओ, क्लिप किंवा रील म्हणतात. त्यांत गाणी असतात, नकला असतात, लहान मुलांचे बोबडे बोल असतात, माकडांच्या करामती असतात. दिवसभराच्या श्रमानंतर घटकाभर हसावयास मिळाले तर त्यात वावगे काही नाही. परंतु या प्रवाहास पाटकरी नाही. ज्याच्या हाती मोबाईल आहे तो प्रत्येक मनुष्य, आणि पुष्कळदा त्याचे आठ-दहा वर्षांचे मूलही, येथे दार उघडणारा असतो. यास्तव हा प्रवाह कसा वाहतो, तो काही चित्रफितींनाच एवढा वेग का देतो आणि प्राथमिक शाळेने या बाबतीत काय करावे, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

‘व्हायरल’ होणे म्हणजे काय?

एखादी चित्रफीत अल्पावधीत असंख्य लोकांपर्यंत पोहोचली म्हणजे ती ‘व्हायरल झाली’ असे म्हणतात. हा शब्द विषाणूंवरून आला आहे. तापाची साथ जशी एकाकडून अनेकांकडे व त्या अनेकांकडून आणखी अनेकांकडे जाते, तशीच चित्रफीतही जाते. यातील गणित चौथीच्या मुलासही समजण्यासारखे आहे. एका मनुष्याने एक चित्रफीत पाच जणांस पाठविली, त्या पाचांपैकी प्रत्येकाने ती नव्या पाच जणांस पाठविली व हाच क्रम पुढे चालला, तर दुसऱ्या पायरीस २५, तिसऱ्या पायरीस १२५, चौथ्या पायरीस ६२५ आणि पाचव्या पायरीस ३,१२५ लोकांस ती मिळेल. दहाव्या पायरीस हा आकडा ९७,६५,६२५ इतका होतो, म्हणजे जवळजवळ एक कोटी!

आता प्रत्येकाने पाचांऐवजी दोघांसच ती पाठविली असे समजू. दहाव्या पायरीस आकडा केवळ १,०२४ होईल. कोठे एक कोटी आणि कोठे एक हजार! प्रत्यक्ष व्यवहारात तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत असल्यामुळे हे आकडे इतक्या नेमकेपणाने वाढत नाहीत. परंतु त्यामागील तत्त्व खरे आहे. चित्रफितीचा प्रसार हा कोणत्याही एका बलाढ्य मनुष्याच्या हातून होत नसून सामान्य माणसांच्या लहान लहान कृतींच्या गुणाकारातून होतो. ‘मी एकट्याने पाठविली नाही तर काय होणार आहे?’ असे म्हणणाऱ्यास या गणितात उत्तर मिळते.

ती वेगाने का धावते?

सर्वच चित्रफिती धावत नाहीत. बहुतेक जेथल्या तेथे विरून जातात. मग काही थोड्याच का धावतात? याची तीन कारणे लक्षात घेतली पाहिजेत.

पहिले कारण माणसाच्या मनात आहे. अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रातील सुमारे सात हजार लेखांची पाहणी करून २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विस्मय, क्रोध किंवा चिंता उत्पन्न करणारे लेख वाचकांनी इतरांस अधिक पाठविले. नुसते दुःख उत्पन्न करणारे लेख त्या मानाने कमी पाठविले, असे त्यांस आढळले. याचा अर्थ असा की, मनाला जे खळबळून सोडते ते माणूस स्वतःपाशी ठेवू शकत नाही. हसू, आश्चर्य, संताप व भीती या चारही भावना हाताला हालचाल करावयास लावतात. दुःख मात्र माणसास गप्प बसविते.

दुसरे कारण माणसामाणसांच्या संबंधांत आहे. आपणांस आवडलेली वस्तू दुसऱ्यास देण्यात आनंद असतो. संक्रांतीस तीळगूळ द्यावा, तशा भावनेने भाऊ पुण्यास असलेल्या भावास चित्रफीत धाडतो. पत्र लिहावयास वेळ नसतो, बोलावयास विषय नसतो. अशा वेळी एक गमतीची चित्रफीत ‘तुझी आठवण आहे’ एवढेच सांगते. ही भावना चांगलीच आहे आणि तिची टिंगल करणे योग्य होणार नाही. परंतु देणाऱ्याचे लक्ष नात्याकडे असते, वस्तूकडे नसते. म्हणून देत असलेली वस्तू खरी की खोटी, कोणास बोचणारी की निरुपद्रवी, हे पाहावयाचे राहून जाते.

तिसरे कारण यंत्रात आहे. यूट्यूबवर पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढविण्यात आली. अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा असलेला एक तरुण तीत दिसतो व ती अवघी १९ सेकंदांची आहे. त्या वेळी लोक स्वतः शोधून चित्रफिती पाहत. आता यंत्रच पाहणाऱ्यापुढे एकामागून एक चित्रफीत आणून ठेवते. त्याची रीत साधारणपणे अशी असते : नवी चित्रफीत प्रथम थोड्या लोकांस दाखवावयाची, त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली किंवा दुसऱ्यास पाठविली, तर आणखी मोठ्या समूहास दाखवावयाची. चित्रफीत खरी आहे काय, तीतील मुलाला ती पसंत आहे काय, हे त्या मोजणीत येत नाही. लोक किती वेळ खिळून राहिले हे मुख्यतः त्यात मोजले जाते.

भारतात २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले व ही यंत्रे वाडी-तांड्यांपर्यंत गेली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली; परंतु त्याच वर्षी इन्स्टाग्राम व यूट्यूब यांनी तशाच आखूड चित्रफितींची सोय केली व लोकांची सवय तिकडे वळली. एक साधन बंद केल्याने सवय बंद होत नाही, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. सवयीस वळण लावणे हे शिक्षणाचेच काम होय.

प्रसाराची जुनी रीत

मुखोमुखी प्रसार आपल्या समाजास नवा नाही. याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. त्यांची वाणी कीर्तनातून, भजनातून, चालत्या माणसाच्या ओठांवरून पंजाबपर्यंत गेली आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. तेव्हा ना छापखाना होता, ना तारायंत्र. गोंधळी, वासुदेव, शाहीर यांनीही गीते व वार्ता गावोगाव नेल्या.

परंतु त्या रीतीत व आजच्या रीतीत एक मोठा भेद आहे. कीर्तनकार गावापुढे उभा राहून बोलत असे. त्याचे तोंड लोकांस दिसत असे. चुकीचे बोलला तर उठून विचारणारा वडीलधारा समोर बसलेला असे. शिवाय पद पाठ करावयास श्रम पडत, म्हणून जे खरोखर मनाला भिडले तेच पुढे जात असे. आज चित्रफीत कोणी केली हे ठाऊक नसते, तिच्याबद्दल जाब कोणास विचारावा हे कळत नाही आणि ती पुढे पाठविण्यास एका बोटाएवढेही श्रम पडत नाहीत. श्रमामुळे आपोआप होत असलेली निवड आता माणसाने जाणूनबुजून केली पाहिजे.

शाळेतील बालकांच्या चित्रफिती

चित्रफितींपासून मुळीच लाभ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी जालना जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेतील लहानग्या विद्यार्थ्याने लोकशाहीवर भाषण केले. त्याने लोकशाहीची पुस्तकी व्याख्या सांगितली नाही. आपल्या खोड्या, घरची माया आणि गुरुजींपर्यंत जाणाऱ्या तक्रारी यांची सांगड त्याने लोकशाहीशी आपल्या बोलीत घातली. ते भाषण महाराष्ट्रभर पाहिले गेले. खेड्यातील मराठी शाळेचे मूल निर्भयपणे व स्वतःच्या शब्दांत बोलू शकते, हे त्यामुळे लोकांस दिसले, आणि त्या बालकाच्या अडचणींकडेही समाजाचे व शासनाचे लक्ष वेधले गेले.

त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यातील एका चिमुकल्याची चित्रफीत अशीच गाजली. ‘आमच्या पप्पांनी गणपती आणला’ हे गीत आधीच्या वर्षी निघाले होते. परंतु या बालकाने त्यावर केलेला अभिनय लोकांस इतका भावला की, गल्लोगल्लीच्या मंडपांत ते गीत वाजू लागले. कोणताही खर्च न करता एका खेड्यातील मुलाचे गुण घरोघर पोहोचले, हा या साधनाचा मोठा गुण मानला पाहिजे.

तथापि अशा उदाहरणांनी हुरळून जाऊन प्रत्येक शाळेने आपापल्या मुलांस कॅमेऱ्यापुढे उभे करावे, असा अर्थ मात्र काढू नये. या दोन्ही ठिकाणी लोक मुलाबरोबर हसले. मुलाला हसले नाहीत. ‘बरोबर हसणे’ आणि ‘ला हसणे’ या दोहोंत जो फरक आहे, तो शिक्षकाने कधीही विसरू नये.

हा फरक विसरला गेल्यास काय होते, याचे एक उदाहरण फार पूर्वीचे आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील एका शाळकरी मुलाने २००२ मध्ये शाळेच्या खोलीत एकटा असताना एका चित्रपटातील योद्ध्याची नक्कल करून स्वतःचे चित्रण केले. हातात काठीसारखी एक दांडी घेऊन तो फिरवीत होता, इतकेच. ते चित्रण त्याच्या सोबत्यांच्या हाती लागले व २००३ मध्ये त्यांनी ते इंटरनेटवर पसरविले. जगभर लाखो लोक हसले. हसणाऱ्यांपैकी कोणीही त्यास ओळखत नव्हता, कोणाच्याही मनात वैर नव्हते. परंतु त्या मुलाचा शाळेत इतका छळ झाला की त्यास ती शाळा सोडावी लागली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये दोन्ही बाजूंत समेट झाला. समेटाने खटला मिटला. चित्रफीत मात्र मिटली नाही.

आपल्या वर्गातही असा प्रसंग सहज घडू शकतो. समजा, एका मुलाने फळ्यापाशी ‘सात आठे चौपन्न’ असे म्हटले. वर्ग हसला, गुरुजीही हसले. पुढच्याच क्षणी गुरुजींनी ‘छप्पन्न’ म्हणवून घेतले व पाठ पुढे चालला. सायंकाळपर्यंत तो मुलगाही ते विसरला. हे हसणे वर्गाच्या चार भिंतींत जन्मले व तेथेच संपले. आता तोच प्रसंग मोबाईलवर टिपून गमतीखातर गावाच्या ग्रुपवर टाकला असे समजा. रात्री ती चित्रफीत त्याच्या घरी पोहोचली, दुसऱ्या दिवशी ऊसतोडीस गेलेल्या त्याच्या मामाच्या कोपीवर पोहोचली, तिसऱ्या दिवशी आठवडे बाजारात कोणी अनोळखी माणूस ‘सात आठे किती रे?’ असे त्यास विचारू लागला. चौथ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही, तर दोष कोणाचा? पट वाढविण्यासाठी शिक्षक घरोघर हिंडतात. आणि हे एक मूल शाळेच्याच हातून शाळेबाहेर गेले, असे होता कामा नये.

शेवट कापलेली गोष्ट

गमतीच्या चित्रफितींनी पुढे पाठविण्याची जी सवय लागते, त्याच सवयीच्या वाटेने भीतीची चित्रफीतही धावते. बोटाला दोन्हींत फरक कळत नाही. याचे अत्यंत दुःखद उदाहरण आपल्याच राज्यातील आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा देशाच्या अनेक भागांत मोबाईलवरून पसरल्या. त्या काळात फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील एका मुलास उचलून नेताना दिसत. मुळात ती चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथील एका बालसंरक्षण संस्थेने लोकजागृतीसाठी तयार केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलास लगेच परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट कापला. जी गोष्ट मुलांच्या रक्षणासाठी रचली होती, ती शेवट कापल्यामुळे दहशतीची गोष्ट झाली.

अशा अफवांनी वातावरण तापलेले असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जण आले. ते भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील होते आणि त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे राहणारे होते. मुले पळविणारे समजून जमावाने त्यांस मारहाण केली व पाचही जण प्राणांस मुकले. त्यांचा कोणताही अपराध नव्हता. भटक्या माणसास ओटीवर बसवून भाकरी देण्याची ज्या महाराष्ट्राची रीत, त्याच महाराष्ट्रात हे घडले. ज्यांनी ज्यांनी त्या अफवा पुढे पाठविल्या, त्यांपैकी बहुतेकांच्या मनात आपल्या नातलगांस सावध करावे एवढाच हेतू असेल. हेतू चांगला असला तरी परिणाम चांगला होईलच असे नाही, ही गोष्ट या घटनेने कायमची शिकविली आहे.

खोट्या वार्तेचा वेग अधिक का असतो, याविषयीही संशोधन झाले आहे. ट्विटर या माध्यमावर २००६ ते २०१७ या काळात सुमारे ३० लाख लोकांनी पसरविलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खरी वार्ता १,५०० लोकांपर्यंत पोहोचावयास खोट्या वार्तेच्या सुमारे सहापट वेळ घेते, असे तीत दिसून आले. याचे कारण यंत्रे नसून माणसेच होत, असाही त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. खोटी वार्ता अधिक नवलाची असते व नवल सांगण्याचा मोह माणसास आवरत नाही.

दार अरुंद केल्यास काय होते?

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसण्याची व्यवस्था केली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा साऱ्या जगास लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरविण्यात आले. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. लोकांचे स्वभाव एका महिन्यात पालटले नव्हते. केवळ पाठविण्यास थोडे अधिक श्रम पडू लागले आणि त्या श्रमाच्या क्षणी विचारास जागा मिळाली. हाच क्षणभराचा विचार मुलांस सवयीने शिकविता आला, तर बाहेरच्या बंधनाची वाट पाहावी लागणार नाही.

सिद्धेश्वरसारख्या धरणाच्या गावी तर याचे महत्त्व विशेष आहे. समजा, पावसाळ्यात कोणी धरणाचे दरवाजे उघडल्याची तीन वर्षांपूर्वीची चित्रफीत ‘आजची’ म्हणून पाठविली. नदीकाठच्या गावांत धावपळ होईल, गुरे सोडली जातील, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील. परंतु याहून मोठा धोका पुढेच आहे. असे दोनदा फसलेले लोक तिसऱ्यांदा खरा इशारा आला तरी हसून सोडून देतील. लांडगा आला रे आला, ही गोष्ट मुलांस सर्वत्र सांगितली जाते. तीतील मुलगा एकटा ओरडत होता, आज शेकडो माणसे एकाच वेळी ओरडू शकतात, एवढाच भेद आहे. म्हणून पाण्याविषयीची सूचना प्रशासनाकडून आली आहे काय, हे पाहूनच ती पुढे सांगावी, हे मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे.

वर्गात करावयाचा पाठ

इयत्ता चौथी व पाचवीच्या मुलांसाठी हा विषय दोन तासिकांत घेता येईल. त्यास मोबाईलची गरज नाही.

प्रथम कानगोष्टीचा खेळ घ्यावा. पहिल्या मुलाच्या कानात एक वाक्य सांगून ते शेवटच्या मुलापर्यंत पोहोचू द्यावे व शेवटी काय उरले ते सर्वांस ऐकवावे.

नंतर चिंचोक्यांचे गणित घ्यावे. जमिनीवर एक चिंचोका, त्याखाली ५, त्याखाली २५ व त्याखाली १२५ असे मांडावे. मग दुसऱ्या ओळीतील पाचांपैकी एकाने चित्रफीत पुढे पाठविली नाही असे सांगून त्याच्या खालचे चिंचोके मुलांकडूनच उचलवून घ्यावेत. त्याचे ५ व त्या पाचांचे २५ मिळून ३० चिंचोके उठतील. एका मनुष्याच्या थांबण्याने तीस जण वाचले, हे मूल स्वतःच्या हातांनी मोजते. ते विसरत नाही.

तिसरा भाग अपुऱ्या गोष्टीचा. ‘एक माणूस धावत आला व त्याने अंगणात खेळणारे मूल हिसकावून उचलले,’ एवढेच सांगून तो माणूस कसा असावा, असे विचारावे. मुले त्यास चोर ठरवतील. मग उरलेले वाक्य सांगावे : ‘कारण मागून उधळलेला बैल येत होता.’ यानंतर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यात खरे शिक्षण होते. राईनपाड्याची घटना लहान मुलांस सविस्तर सांगू नये. पालकसभेत मात्र ती अवश्य सांगावी.

शेवटी पुढील चार प्रश्न मुलांकडून पाठ करवून घ्यावेत व भिंतीवर लिहून ठेवावेत :

१. ही चित्रफीत कोणी केली?
२. ही केव्हाची व कोठली आहे?
३. हिच्या आधी व नंतर काय झाले असेल?
४. हिच्यात जो दिसतो, त्यास ती इतरांनी पाहिलेली आवडेल काय?

पहिल्या तीन प्रश्नांनी खोटे अडते; चौथ्या प्रश्नाने क्रौर्य अडते. गमतीच्या चित्रफितीस पुष्कळदा पहिले तीन प्रश्न लागूच पडत नाहीत, म्हणून चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजावा.

शाळेने पाळावयाची पथ्ये

मुलांस शिकविण्यापूर्वी शाळेने आपले आचरण तपासून पाहिले पाहिजे. अलीकडे शाळेच्या उपक्रमांचे चित्रण वारंवार केले जाते व ते ग्रुपवर पाठविले जाते. उपक्रमाची नोंद राहावी हा हेतू योग्य आहे. परंतु चुकणारे, रडणारे, अडखळत वाचणारे किंवा फाटका सदरा घातलेले मूल चित्रणाचा विषय होऊ नये. शालेय पोषण आहाराच्या पंगतीत एका मुलाच्या ताटावर कॅमेरा रोखू नये. एकट्या मुलाच्या चेहऱ्यापेक्षा समूहाचे, मुलांच्या हातांचे व त्यांनी केलेल्या वस्तूंचे चित्रण करावे. मुलाचे नाव, वर्ग व गाव ही तिन्ही एकत्र जाहीर करू नयेत. चित्रण बाहेर जावयाचे असल्यास पालकांची संमती घ्यावी आणि मुलासही विचारावे. त्याने मान हलवून नकार दिला तर तो नकार पुरेसा मानावा.

कायद्याचाही रोख याच दिशेने आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार, संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्यास बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळून पाहता येईल अशा संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. एखाद्या बालकाचा अशा चित्रफितीमुळे छळ होत असल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविता येते. तथापि कायद्याच्या भीतीपेक्षा पालकांनी शिक्षकावर ठेवलेला विश्वास अधिक बंधनकारक समजावा. सकाळी दप्तर अडकवून आई जे मूल शाळेच्या दारात सोडून जाते, ते ती जगासमोर ठेवावयास देत नाही. गुरुजींच्या हाती देते.

समारोप

चित्रफितींचा प्रवाह थांबविणे कोणाच्या हाती नाही व तो सर्वथा थांबावा असेही नाही. त्याने खेड्यातील बालकाचा आवाज दूरवर नेला आहे आणि दूर गेलेल्या माणसांस घरची आठवण करून दिली आहे. परंतु त्याच प्रवाहाने एका मुलाची शाळा सोडविली आणि त्याच सवयीच्या वाटेने आलेल्या अफवांनी पाच निरपराध माणसांचा घात केला. दोन्ही वेळा यंत्र तेच होते. दार उघडणारी बोटे मात्र माणसांची होती.

शेतास पाणी देणारा मनुष्य चारीचे दार उघडण्यापूर्वी खालच्या अंगास कोणाचे पीक उभे आहे हे पाहून घेतो. त्यास हे कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नसते; वडिलांबरोबर बांधावर उभे राहून तो हे शिकलेला असतो. मोबाईल हाती आलेल्या पिढीला बांधावर उभे करण्याचे काम आता शाळेकडे आले आहे. मुलांनी हसावे, हसवावे, आवडलेली गोष्ट मित्रास जरूर दाखवावी. परंतु पुढे पाठविण्यापूर्वी खालच्या अंगास कोण उभे आहे, एवढे पाहण्याची सवय त्यांस प्राथमिक शाळेतच लागली, तर त्यांच्या शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.